गोणपाट

"खूप म्हंजी किती?" असे तात्यांनी विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाजवळ विशेषणांचा तुटवडा नसतो. घाटात मोटारसायकलचे इंजिन खूप तापते, भयंकर तापते, जवळ पाय ठेववत नाही इतके तापते, असे तीन प्रकारे मी त्यांना सांगून झाले होते. ते शांतपणे ऐकत होते. मग कानामागे तळहात धरून त्यांनी हा प्रश्न विचारला. तात्या म्हणजे माझे वडील. एसटीच्या आगारात त्यांनी चौतीस वर्षे मेकॅनिक म्हणून काढली आणि तिथल्या हातोड्यांच्या आवाजात कान गमावले. त्या क्षणी मला त्यांचा प्रश्न थोडा अडाणी वाटला. खूप म्हणजे खूप, त्यात काय विचारायचे?

ही २०२३ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी वाईला राहतो आणि घाटमाथ्यावरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे माझा कामाचा दिवस पसरणीच्या घाटाने सुरू होतो. शाहीर साबळे यांचे पसरणी गाव मागे पडले की रस्ता वळणे घेऊ लागतो. पाचगणीपर्यंतच्या बारा-तेरा किलोमीटरांत सुमारे सहाशे मीटर चढायचे असते. खाली धोम धरणाचे पाणी दिसत राहते आणि हवा हळूहळू बदलते. बस वेळेवर मिळत असतानाही मी हा रस्ता मोटारसायकलने करतो. त्याचे समर्थन मला देता येणार नाही. आवड आहे एवढेच.

गाडी एका सिलिंडरची, चारशे सी.सी.च्या आसपासची, हवेने थंड होणारी. तिला पाण्याचा रेडिएटर नाही. सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्यांवरून वारा वाहतो, आणि इंजिनाच्या पुढे एक छोटा ऑइल कूलर आहे. तेल त्यातून फिरून, थोडे निवून परत आत जाते. २०१९ मध्ये घेतली तेव्हा ती साधी, उघडीवाघडी होती. तीन वर्षे तिने तापण्याची कधी तक्रार केली नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये, धुक्यात, एका ओल्या वळणावर मी पडलो. डाव्या घोट्याचे हाड मोडले आणि सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये होता. त्या सहा आठवड्यांत पत्नीने एकदाही 'गाडी विका' असे म्हटले नाही. ती म्हणाली, "चालवा, पण तिला जरा नीट करून घ्या." त्या 'नीट करण्या'तून पुढच्या चार महिन्यांत गाडीवर एकेक वस्तू चढत गेली. प्रथम जाडजूड लेग गार्ड आले. मग मेहुण्याने धुक्यासाठी दोन फॉग लाइट दिले. ते लेग गार्डच्या आतल्या बाजूला, एकमेकांजवळ बसवले. इंजिनाच्या पोटाखाली, दगड लागू नये म्हणून, लोखंडी पाटी आली. उत्तरपत्रिका भिजू नयेत म्हणून मागे दोन पेट्या आल्या. सायलेन्सर मात्र मी स्वतःच बदलला. त्याच्या आवाजात एक भरदारपणा होता आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला तो का हवासा वाटावा याची चर्चा इथे नको.

शेवटची वस्तू पत्नीने केली. प्लॅस्टर निघाल्यावर थंडीत माझा घोटा ठणकू लागला होता. तिने दुहेरी ताडपत्री घेतली, कडांना रेक्झिनची पट्टी शिवली, भोके पाडून त्यांना धातूच्या कड्या बसवल्या आणि लेग गार्डला नाडीने आवळून बांधता येतील असे दोन पडदे तयार केले. दोन रविवार तिचे शिवणयंत्र त्या जाड कापडाशी झटत होते. तीन सुया मोडल्या. पडदे बांधल्यावर गाडी बेंदराला सजवलेल्या बैलासारखी दिसू लागली. स्टाफरूममध्ये थट्टा झाली. पण डिसेंबर-जानेवारीत माझे पाय उबदार राहिले, घोटा ठणकला नाही, आणि थट्टा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते.

फेब्रुवारी सरता सरता गाडी बदलली. घाट अर्धा चढला की गिअर जड पडायचा. पाचगणीच्या बाजारात थांबल्यावर न्यूट्रल सापडायचा नाही. टॅपेटचा आवाज वाढायचा, करपल्यासारखा वास यायचा, आणि तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या डोळ्यात तेल महिन्याभरात दिसेल इतके खाली जायचे. मी घरी काही बोललो नाही. बोललो असतो तर गाडीचा विषय निघाला असता, गाडीवरून अपघाताचा निघाला असता.

गॅरेजवाल्यांकडे गेलो. प्रत्येकाने उपाय सांगितला आणि प्रत्येक उपाय म्हणजे आणखी एक वस्तू होती. एकाने तेलात घालायची बाटली दिली. दुसऱ्याने मोठा ऑइल कूलर बसवा म्हणून सांगितले. तिसरा म्हणाला, तेल जाड वापरा. '१५डब्ल्यू-५०'च्या जागी '२०डब्ल्यू-५०' घाला. ते मी घातले. फरक पडला नाही, आणि तो पडणारही नव्हता. डब्यावरच्या या संकेताचा अर्थ मी नंतर समजून घेतला. पहिला आकडा आणि 'डब्ल्यू' हे अक्षर तेलाचे थंडीतले वागणे सांगतात. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. दुसरा आकडा शंभर अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. तो दोन्ही डब्यांवर पन्नासच होता. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तापलेल्या इंजिनासाठी, मी तेलाचे हिवाळ्यातले वागणे बदलून आलो होतो. शब्दार्थ न पाहता शब्द वापरणाऱ्या विद्यार्थ्यांवर मी वर्गात किती चिडतो ते आठवून मला बरे वाटले नाही.

वाईत राहण्याचा एक फायदा असा की मराठी विश्वकोश इथेच घडला. त्याच्या खंडांत 'अंतर्ज्वलन-एंजिन' ही नोंद आहे. हा पारिभाषिक शब्द मला पूर्वी बोजड वाटे. त्या दिवसांत मात्र मी त्याच्यापाशी बराच वेळ थांबलो. आत जळणे हेच त्या यंत्राचे काम. पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते तिच्यातली फार तर पाव ते एकतृतीयांश चाकाच्या कामी येते. उरलेली सगळी उष्णता होऊन धुरावाटे, सिलिंडरच्या पट्ट्यांवाटे आणि तेलावाटे बाहेर पडावी लागते. तेल केवळ गुळगुळीतपणासाठी असते अशी माझी समजूत होती. ते उष्णता वाहून नेणारा हमालही असते. पिस्टनच्या खालून, बेअरिंगांतून, डोक्यावरच्या व्हॉल्व्हजवळून ते उष्णता उचलते आणि जिथे वारा आहे तिथे नेऊन टाकते. वारा नसेल तर हमाल तेच ओझे घेऊन पुन्हा आत येतो.

एप्रिलमध्ये तात्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे आले. एरवी ते गावी, थोरल्या भावाकडे असतात. आमच्यात बोलणे कमी, हे सांगायला हवे. मी आय.टी.आय. करून त्यांच्यामागे आगारात यावे अशी त्यांची इच्छा होती. मी एम.ए. केले. त्यांनी विरोध केला नाही, पण मी काय शिकवतो हेही कधी विचारले नाही. आणि ते आगारात नेमके काय करत होते हे मीही विचारले नाही. लहानपणी त्यांच्या खाकी कपड्यांना येणारा डिझेलचा वास मला आवडे, कॉलेजात गेल्यावर तो मी मित्रांपासून लपवू लागलो. पुढे दोन माणसे एकमेकांची चौकशी करतात तेवढे आम्ही करत राहिलो: जेवलात का, औषध घेतले का, पाऊस आहे का तिकडे.

त्यांच्या डोळ्यात थेंब घालताना, काहीतरी बोलायचे म्हणून, मी गाडीचा विषय काढला. त्यावर तो प्रश्न आला.

"आकडा न्हाय, तर मग तापतंय ह्ये तरी कशावरनं?" ते म्हणाले.

महाविद्यालयात करोनाच्या काळात कपाळाचा ताप मोजण्याचे पिस्तूल घेतलेले होते. ते आणतो म्हणालो, तर ते हसले. माणसाचा ताप मोजणारे यंत्र इंजिनापुढे काय कामाचे! मग मी कारखान्यात वापरतात तसे पिस्तूल मागून आणले. इंजिनाच्या चकचकीत ॲल्युमिनियमवर धरले, तर त्याने सत्तर दाखवले. शेजारच्या काळ्या भागावर एकशे दहा. चकचकीत धातू आपली उष्णता किरणांच्या रूपाने फारशी बाहेर टाकत नाही, म्हणून असे पिस्तूल त्याच्यावर फसते. तिथे मंद काळ्या रंगाचा ठिपका द्यावा लागतो, आणि एवढे करूनही ते वरच्या धातूचेच तापमान सांगते, आतल्या तेलाचे नाही. शेवटी तेल भरण्याच्या बुचाच्या जागी बसणारा, खाली तेलात बुडणारी दांडी असलेला तापमापक मागवला. तो यायला आठवडा लागला. दरम्यान तात्यांनी नातवाची अर्धी कोरी वही मागून घेतली आणि पट्टीने रकाने आखले.

त्यांचे नियम असे. रोज एकाच वेळी निघायचे. पेट्यांत तेवढेच वजन. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत मध्ये थांबायचे नाही, वेग बदलायचा नाही. वर पोचल्या पोचल्या तेलाचा आकडा पाहायचा आणि बाहेरच्या हवेचाही पाहायचा. वहीत तिसरा रकाना दोन्हींच्या वजाबाकीचा होता. "नुस्तं तेल बघून काय कळतंय? आज हवाच तापली आसंल. हवेवर तेल किती चढलंय त्ये बघायचं." आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कोणत्या गोष्टीने गुण आला ते कधीच कळत नाही. एम.ए.ला पाठचिकित्सेचा अभ्यासक्रम होता. एका ओळीचे पाठभेद एकेक करून कसे पारखायचे ते मी तिथे शिकलो होतो. सातवी शिकलेल्या माणसाकडून तीच शिस्त पुन्हा ऐकताना मी मान डोलावत होतो. त्यांना वाटले, मला ऐकू आलेले नाही. त्यांनी नियम पुन्हा सांगितले.

पहिल्या तीन दिवसांत काहीही न बदलता मोजले. सकाळी साडेदहाला निघून माथ्यावर तेल एकशे अडतीस, हवा एकतीस. वजाबाकी एकशे सात. अशा रीतीने माझ्या 'खूप'ला अंक मिळाला.

हा अंक किती वाईट? तेल शंभरच्या थोडे वर जाणे चांगलेच असते. जळताना तयार झालेली पाण्याची वाफ तेलात साठते, ती त्याने उडून जाते. पण एकशे तीसच्या पलीकडे रोज जाऊ लागले की तेल लवकर म्हातारे होते. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांमागे तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. तेल पातळ पडते, धातू धातूला भेटू लागतो, गिअर अडतो. मला वाटणाऱ्या सगळ्या तक्रारी या एका अंकात होत्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तात्या काळा चष्मा लावून अंगणात आले आणि गाडीसमोर उकिडवे बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. हात पालथा करून त्यांनी लेग गार्ड आणि इंजिन यांच्यामधल्या फटीत घातला, वारा कुठून येईल ते चाचपले. मग वळून म्हणाले, "ह्ये गोणपाट कुणी बांधलं रं?"

पत्नी चहा घेऊन दारातच उभी होती. "मी शिवलंय, मामा," ती म्हणाली.

तात्या गडबडले. कडेची शिवण बोटाने चाचपून म्हणाले, "शिवण चांगली हाय." आणि चहा घेऊन आत गेले.

रात्री अंगणात खाटेवर त्यांनी गोणपाटाचा अर्थ सांगितला. हिवाळ्यातल्या रातराणीला ड्रायव्हर लोक रेडिएटरसमोर, जाळीच्या आतून, गोणपाट बांधत. कडाक्याच्या थंडीत इंजिन लवकर गरम व्हावे म्हणून; थंड इंजिनही चांगले नसते. पहाटे मुक्कामावर पोचले की ते सोडायचे. एका वर्षी कुणाच्या तरी हातून ते सोडायचे राहिले. ती गाडी पुढे दुपारच्या फेरीला लागली आणि घाटात पाणी उकळले. आगारात आणून पाण्याचा पंप पाहिला, थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा बदलला. दोन दिवस गेले. गोणपाट जाळीच्या आत, धुळीने रेडिएटरच्याच रंगाचे झालेले. कुणाच्या नजरेला आले नाही. आले असते तरी त्याच्यावर संशय गेला नसता, कारण ते आपणच बांधलेले होते. "गोणपाट वाईट नसतंय," तात्या म्हणाले. "त्ये सोडायचं कवा ह्ये ध्यानात ऱ्हायलं पायजे."

मी त्यांना विनंती केली की पडद्यांविषयी घरात पुन्हा बोलू नका. दोन रविवार, तीन सुया, माझा ठणकणारा घोटा, हे सगळे त्या ताडपत्रीत होते. ती काढा असे तिला सांगणे मला जमणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी घरातून पडदे बांधूनच निघालो. पसरणीच्या अलीकडे एका झाडाखाली थांबून नाड्या सोडल्या, पडदे पेटीत ठेवले आणि घाट चढलो. परतताना त्याच झाडाखाली ते पुन्हा बांधले. असे मी तीन दिवस केले. शेहेचाळीस वर्षांचा प्राध्यापक, रस्त्याकडेला उकिडवा बसून नाड्या सोडतो आहे आणि ओळखीचे कोणी येत नाही ना ते पाहतो आहे.

तेल एकशे पंचवीस, हवा बत्तीस, वजाबाकी त्र्याण्णव. एकाच बदलाने चौदा अंश उतरले होते. तात्यांनी ते वहीत लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले: पडदा नाही.

माझ्या बेतात एक चूक होती. घरातला जमाखर्च पत्नी पाहते; वही दिसली की ती उघडते. रविवारी सकाळी ती वही हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"पडदा नाही म्हणजे? रोज तर बांधून जाता."

मी झाडापर्यंत सगळे सांगितले. ती रागावेल, दुखावेल, असे मला वाटले होते. ती रागावली, पण मला वाटले होते त्यासाठी नव्हे.

"म्हणजे फेब्रुवारीपासून गाडी तापतेय आणि तुम्ही त्याच घाटातून जाताय. मध्येच इंजिन धरलं असतं तर? मागनं ट्रक असता तर?" आणि थोड्या वेळाने, "मी ते थंडीत पाय गारठू नयेत म्हणून शिवलं होतं. एप्रिलात कुणाचे पाय गारठतात हो? होळी झाली तसे स्वेटर धुऊन ट्रंकेत टाकले मी. मला वाटलं, तुम्हाला आवडलंय म्हणून काढत नाही."

मी काय उत्तर देणार? तिच्या मायेचे मी मनात स्मारक करून ठेवले होते. तिच्या लेखी तो स्वेटर होता.

तात्यांना यातले किती ऐकू आले कोण जाणे, पण त्यांनी आतून विचारले, "मग आता दिवं सरकवायचं न्हवं?"

पुढचे काम तिघांनी केले. फॉग लाइट नेमके ऑइल कूलरच्या तोंडासमोर होते. ते लेग गार्डच्या बाहेरच्या टोकांना नेले. प्रकाश पहिल्याइतकाच पडू लागला आणि कूलरचे तोंड मोकळे झाले. कूलरच्या बारीक पत्र्यांत चिखल आणि किडे अडकले होते. ते पाणी सोडून, मऊ ब्रशने, पत्रे न वाकवता काढले. आता वजाबाकी अठ्ठ्याऐंशी. मग इंजिनाखालची पाटी उतरवली. पाटी आणि इंजिनाचे पोट यांच्यामध्ये गेल्या पावसाळ्यातला चिखल वाळून विटेसारखा बसला होता. तेल ज्या पोटात साठते त्यालाच तो रजईसारखा लपेटलेला. तो खरवडला, पाटीला वाऱ्यासाठी भोके पाडून घेतली. चौऱ्याऐंशी. शेवटी सायलेन्सर. मोकळ्या सायलेन्सरने हवा-पेट्रोलचे मिश्रण थोडे कोरडे पडू शकते आणि तसे मिश्रण अधिक तापते. मूळचा सायलेन्सर परत बसवला. एक्याऐंशी. माथ्यावर तेल एकशे चौदा, हवा तेहतीस. सायलेन्सरचे तीनच अंश होते, पण ते माझ्या हौसेचे असल्यामुळे जास्त लागले.

मोठा कूलर, बाटली, पंखा, यांतले काहीही आणावे लागले नाही. सव्वीस अंश उतरले ते काढून, सरकवून आणि साफ करून. लेग गार्ड मात्र तात्यांनी काढू दिले नाही. "त्याच्या नळ्या बारीक हाईत, त्या वारा आडवत न्हाईत. आन् पाय मोडला तर इंजिन गार ठेवून काय करायचंय?"

दरवर्षी मी साहित्यशास्त्राच्या तासाला क्षेमेंद्राचे औचित्य शिकवतो. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताचे म्हणणे विद्यार्थ्यांना चटकन पटते, कारण त्याचे उदाहरण सोपे आहे: कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर दोन्ही दागिने सुंदर असूनही माणूस हास्यास्पद दिसतो. मी फळ्यावर लिहितो, अलंकार वाईट नाही, स्थान चुकीचे. आमचे फॉग लाइट या नियमात चपखल बसत होते. पडद्यांचे मात्र स्थानही बरोबर होते. क्षेमेंद्राने औचित्याची जी सत्तावीस स्थाने मोजली आहेत त्यांत 'काल'ही आहे. परीक्षेत पद, वाक्य, अलंकार आणि रस यांवर प्रश्न येतात, म्हणून 'काल' मी नुसता वाचून पुढे जातो. त्या वर्षी जूनमध्ये त्या शब्दापाशी मी थांबलो आणि वर्गाला रातराणीचे गोणपाट सांगितले. मुले हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिचे वडील ट्रक चालवतात. तासानंतर येऊन ती म्हणाली, "सर, आमचे पप्पा पुठ्ठा लावतात." तिने ते कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगितले. डिझेलचा वास लपवणारा मुलगा मला त्या आवाजात ओळखू आला. पप्पांना विचारून ये, पुठ्ठा कधी लावतात आणि कधी काढतात, असे मी तिला सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने दीड पान लिहून आणले. नीट, आकड्यांसकट.

तात्या मे अखेरीस गावी परत गेले. वही इथेच ठेवून गेले. निघताना त्यांनी मला त्यांच्या नोकरीतली आणखी दोन-तीन इंजिने सांगितली. मी कोणत्या वर्गाला काय शिकवतो हेही त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांना ते फारसे ऐकू आले नसावे, पण त्यांनी विचारले होते.

जुलैत पाऊस लागला, धुके उतरले आणि घोटा पुन्हा बोलू लागला. एका रात्री पत्नीने पडदे काढले, वर्तमानपत्राचा कागद लेग गार्डला लावून माप घेतले आणि प्रत्येक पडद्याच्या आतल्या बाजूची वीतभर ताडपत्री कापून टाकली. कूलर आणि सिलिंडर यांच्यासमोर आता मोकळी वाट होती. गुडघे आणि घोटे झाकलेले होते. कापलेल्या कडेला तिने पुन्हा रेक्झिनची पट्टी शिवली. या वेळी सुई मोडली नाही.

सकाळी घाट चढलो आणि माथ्यावरून तात्यांना फोन लावला. पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यांना काही नीट ऐकू येत नव्हते. मी पाऊस, धुके, नवे पडदे असे बरेच काही ओरडून सांगितले. पलीकडून एकच शब्द आला.

"किती?"

"एकशे चार," मी म्हणालो. "हवा एकवीस."

वजाबाकी करण्यापुरते ते थांबले. "ब्येस हाय," ते म्हणाले. "आन् पाय?"